एकट्यांचा रकाना

तीर्थरूप किंवा तीर्थस्वरूप मावशीस,

खाली वाकून नमस्कार. (शाळेत बाईंनी बजावलं होतं की ‘तीर्थरूप’ फक्त जन्मदात्यांना लिहायचं, बाकी वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’. तू मला जन्म दिला नाहीस, पण त्यानंतरचं सगळं तूच दिलंस. तेव्हा तुला यातलं काय लागू होतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चूक नको म्हणून दोन्ही लिहिलं आहे. लागू नसेल ते खोडावं, असं आमच्या कार्यालयात म्हणतात.)

तुझा खोकला कसा आहे? पिठाच्या धुळीत तोंडाला फडकं बांधून उभी राहा असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं, त्यावर तू कळवलंस की फडकं बांधलं की गिऱ्हाइकांवर ओरडता येत नाही. तेही खरंच. गिरणीचा पट्टा बदललास का? जुना पट्टा शिवून शिवून वापरू नकोस. काळजी वाटते. हे पत्र नेहमीप्रमाणे शेजारच्या दवाखान्यातले कंपाउंडरकाका तुला वाचून दाखवत असतील, त्यांनाही नमस्कार. काका, मागच्या वेळी माझ्या दातदुखीचा मजकूर वाचता वाचता तुम्ही औषधही सांगून टाकलंत आणि ते दळणाला आलेल्या दोन बायकांनी घेतलं, असं मावशीच्या उत्तरावरून (तेही तुमच्याच अक्षरातलं) समजलं. या पत्रात औषध सांगण्यासारखं काही नाही. मी खुशाल आहे.

मावशी, तू विचारलं आहेस की गिरणीत येणारे लोक तुझ्यामार्फत मला डाळीचा भाव वाढवायला सांगताहेत आणि दवाखान्यात येणारे कमी करायला, तर तू कुणाला काय सांगावंस. तू दोघांनाही सांग की भाचीच्या हातात भाव नाही, पट्टी आहे. आमच्या अन्नधान्य खात्याच्या कक्षात मी रकाने आखते, आलेले आकडे त्यात भरते आणि बेरीज वरून खाली व डावीकडून उजवीकडे सारखी येते का ते पाहते. ती आली की मला बरं वाटतं. नाही आली तर जेवण जात नाही. (हे असंच लिहून गेले. जेवणाचं पुढे सविस्तर येणारच आहे.)

सध्या आमच्याकडे मसुरीवरून दोन तट पडले आहेत. देशाने आपली मसूर आपण पिकवावी, बाहेरून दाणासुद्धा घेऊ नये, असं आमच्या मोठ्या साहेबांचं मत. ज्याचं ताट दुसऱ्याच्या हातात त्याची मान खाली, असं ते दर बैठकीत म्हणतात आणि म्हणताना स्वतःची मान वर करतात. दुसऱ्या बाजूला एकच गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे बंदरावर येणाऱ्या धान्याचं काम असल्यामुळे त्यांना सगळे ‘बंदरवाले’ म्हणतात. निवृत्तीला आले आहेत. त्यांचं म्हणणं, आपल्या जमिनीला जे जमतं ते भरपूर पिकवावं, बाकीचं जिथे स्वस्त मिळेल तिथून घ्यावं, आणि घेण्यात लाज कसली? शेजारी असतात कशाला? मग साहेब म्हणतात की शेजाऱ्याने एक दिवस दार लावून घेतलं तर? मग बंदरवाले म्हणतात की आपल्या शेतावर एक वर्ष कीड पडली तर? मग चहा येतो.

एकदा साहेबांनी उगाचच मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? मला काहीही वाटत नव्हतं, पण गप्प राहणं उद्धटपणाचं दिसेल म्हणून मी तुझंच वाक्य सांगितलं: घरात एक पोतं शिल्लक असावं आणि शेजारी वाटी घेऊन जायला लाज वाटू नये. साहेबांनी पोत्यापर्यंतचं लिहून घेतलं, बंदरवाल्यांनी वाटीपासूनचं. तेव्हा तू दोन्ही तटांत आहेस. (गिरणीत सांगू नकोस, लोक उद्या तुझ्याकडे अर्ज घेऊन येतील.)

तर भानगड अशी झाली. देशाला मसूर किती लागते हे कळल्याशिवाय ती पुरते की नाही हे कळणार कसं? पूर्वी दुकानांतून विकलेला माल भागिले माणसं असा हिशेब असे. पण विकलेल्यातली काही उंदीर खातात, काही नासते, काही लोक बियाण्याला ठेवतात. म्हणून साहेबांनी ‘ताटमोजणी’ काढली. माणसाचं वाढलेलं ताट तोलायचं, जेवण झाल्यावर उरलेलं तोलायचं, मधलं पोटात गेलं. आमचे मोजणीदार तराजू घेऊन घरोघर गेले. लहान कुटुंब, मोठं कुटुंब, म्हाताऱ्यांचं घर, सगळे रकाने भरून आले. एक रकाना मात्र कोरा आला, एकेकट्या राहणाऱ्या माणसांचा. कारण मोजणीदार जातात दिवसा, आणि एकटी माणसं दिवसा कामावर असतात. त्यांच्या नावापुढे सगळीकडे एकच शेरा होता, ‘दार बंद’. शहरांतून अशी बंद दारं किती, हे पाहून मी चकितच झाले. मला वाटत होतं मी एकटीच एकटी आहे.

कोरा रकाना वर पाठवता येत नाही. साहेबांनी सगळ्या कक्षावरून नजर फिरवली. सगळे लग्न झालेले, लेकुरवाळे, नाहीतर आईवडिलांजवळ राहणारे. नजर माझ्यावर येऊन थांबली. “तुम्ही एकट्याच राहता ना? मग झालं तर!” अशा रीतीने, मावशी, तुझी भाची देशातल्या समस्त एकट्या माणसांच्या जागी नेमली गेली. महिनाभर मी माझं ताट मोजायचं आणि त्याला त्या बंद दारांनी गुणायचं.

कार्यालयाच्या खर्चाने मी वजनाचा काटा विकत आणला. पहिल्याच दिवशी घरमालकीणबाईंनी खिडकीतून मला डाळ तोलताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात थांबवून म्हणाल्या, “अगं, एवढी चिकट असशील असं वाटलं नव्हतं. तोलून खातेस?” मी म्हटलं, सरकारी काम आहे. त्या म्हणाल्या, “आता सरकार ताटात पण बघायला लागलं?” आणि त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा लावला आहे.

महिना संपला, गुणाकार झाला, बेरीज वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे चोख आली, आणि साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. देशाची गरज वाटली होती त्यापेक्षा पुष्कळ कमी निघाली. आपली मसूर आपल्याला पुरते! बाहेरची जहाजं थांबवा! फर्मानाचा मसुदाही त्यांनी लगेच सांगायला घेतला, आणि मंत्र्यांच्या भाषणासाठी एक परिच्छेद जोडला: एकटे राहणारे नागरिक घरगुती माणसांच्या निम्मंच खातात, हा काटकसरीचा कित्ता साऱ्या देशाने गिरवावा. बंदरवाले जाता जाता माझ्या टेबलाशी थांबून एवढंच म्हणाले, “जहाज एकदा परत गेलं ना पोरी, की पुन्हा बोलावताना दुप्पट भाव सांगतं.”

(कंपाउंडरकाका, यापुढचा परिच्छेद गिरणीतली गर्दी ओसरल्यावर वाचावा. दळणाला थांबलेल्यांना यात रस वाटण्यासारखं काही नाही. मावशीला वाचून दाखवताना आवाज नेहमीसारखाच ठेवावा, काळजीचा काढू नये.)

मावशी, काटकसर नव्हती गं. मी जेवत नव्हते. म्हणजे जेवत होते, पण तुझ्याकडे जेवायचे तसं नव्हे. संध्याकाळी खोलीवर येते, डाळभात टाकते, वाढून घेते, तोलते, चार घास खाते आणि मग समोरच्या भिंतीकडे पाहते. भिंतीवर खिळा आहे, त्याला काही टांगलेलं नाही. तेवढ्यात भूक संपते. उरलेलं तोलते, झाकून ठेवते, सकाळी तेच डब्यात नेते. मला हे महिनाभर लक्षातच आलं नाही, कारण माझं सगळं लक्ष काट्यावर होतं. मोठ्या कुटुंबांच्या रकान्याशेजारी माझा रकाना ठेवला तेव्हा आकड्यांवरून कळलं. तुझ्याकडे तू पळी घेऊन डोक्यावर उभी असायचीस, मी नको म्हटलं की ताटावर आडवा धरलेला हात बाजूला सारून वाढायचीस आणि वर म्हणायचीस की नको म्हणणाऱ्यालाच जास्त लागतं. हा घटक आमच्या सूत्रात धरलेलाच नाही. जमीन धरली आहे, पाऊस धरला आहे, उंदीरसुद्धा धरले आहेत. आग्रह धरलेला नाही.

आता काय करावं? आकडे खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. आपल्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे छापील कागदावर काही चुकीचं गेलं की मला वाटतं आपल्या सगळ्या घराण्यानेच ते लिहिलं. दोन दिवस मी साहेबांच्या दाराशी जाऊन परत आले. (एकदा तर आत जाऊन टाचण्या मागून आले.) देशाची जहाजं माझ्या न लागलेल्या भुकेपायी परत जाणार, आणि मग बाजारात मसूर मिळेनाशी झाली की तुझ्या गिरणीत भरडायला काय येणार, या विचाराने उरलेलं जेवणही जाईना. म्हणजे तो आकडाही बदलला असता. तिसऱ्या दिवशी आत गेले.

“साहेब, एकट्यांचा रकाना चुकलाय.”

“बेरीज चुकली?”

“बेरीज बरोबर आहे. मी कमी जेवते.”

“पथ्य आहे का?”

“नाही.”

“आजारी आहात?”

“नाही साहेब. एकटीच असते ना, म्हणून जेवण जात नाही.”

“अहो, तोच तर रकाना आहे!” साहेब म्हणाले.

खरंच तोच रकाना होता. मी रडणार नव्हते, पण चष्मा पुसायला घेतला, तो पुरेसा पुसला गेल्यावरही पुसत राहिले. साहेब मनाने वाईट नाहीत. ते गडबडून गेले, टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे केला, आणि म्हणाले की फर्मान थोडं थांबवता येईल. तोवर तुम्ही पुन्हा मोजा. पण या वेळी पोटभर जेवून मोजा. हा आदेश समजा.

तर मला पोटभर जेवण्याचा सरकारी आदेश आहे, आणि तो पाळणं मला जमत नाहीये. सांगते कसं ते.

पहिला प्रयत्न मी स्वतःच स्वतःला आग्रह करण्याचा केला. पळी हातात घेतली आणि मोठ्याने म्हटलं, “अजून थोडं घे.” तू लावलेली सवय अशी पक्की की तोंडातून आपसूक आलं, “नको, पुरे.” आणि मग काय, नाही म्हटलेलं मी ऐकलं. पळी परत भांड्यात. समोरचं माणूस इतकं समजूतदार असलं की आग्रह होत नाही.

दुसरा प्रयत्न घरमालकीणबाईंना जेवायला बोलावण्याचा. त्या आल्या, बसल्या, गुडघ्यांबद्दल बोलल्या, थोरल्या सुनेबद्दल बोलल्या, आणि बोलता बोलता सगळं भांडं त्यांनीच संपवलं. मला बरं वाटलं हे खरं. पण ताटमोजणीच्या नियमाप्रमाणे घरात दुसरं माणूस जेवलं की ते घर एकट्याचं राहत नाही, नोंद बाद. शिवाय जाताना म्हणाल्या, “मीठ कमी होतं, पण तोलून टाकत असशील.”

तिसरा प्रयत्न बंदरवाल्यांचा. त्यांना सगळा प्रकार कळला होता (आमच्या कक्षाला भिंती नाहीत, कपाटं आहेत). ते म्हणाले, माणूस समोर नको असेल तर मी फोनवरून आग्रह करतो, फोन काही जेवत नाही. फोन घरमालकीणबाईंच्या बोळात आहे. ठरलेल्या वेळी मी ताट आणि काटा घेऊन बोळात जाऊन उभी राहिले, रिसीव्हर मानेत धरला. बंदरवाल्यांना घरात आग्रह करायची सवय नसावी. ते म्हणाले, “कृपया आणखी एक पळी वाढून घेण्यात यावी.” मी वाढून घेतली. “ती संपविण्यात आली का?” मी हो म्हटलं. आणि मावशी, त्या दिवशी मी खरंच जेवले. पण मागून त्यांच्या घरातली ताटं वाजत होती, कुणीतरी मूल कुणाची तरी तक्रार सांगत होतं, आणि मग त्यांची बायको म्हणाली, “अहो, आता स्वतः जेवता का त्या पोरीलाच भरवत बसता?” त्यांनी घाईने फोन ठेवला. मी उभीच होते. ती नोंद मी स्वतःच खोडली. देशातल्या प्रत्येक बंद दारामागे बंदरवाले फोन करू शकणार नाहीत, तर माझ्याच ताटाला ती सवलत कशी घेऊ?

असं सगळं चाललं आहे. बाकी ठीक. खोली हवेशीर आहे, कार्यालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि रस्त्याच्या कोपऱ्यावरचा न्हावी मला ओळखायला लागला आहे. मी त्याच्याकडे कधी जात नाही, पण रोज दुकानावरून जाते म्हणून मान हलवतो. आपण कुणाकडून काही घ्यावं की न घ्यावं याबद्दल आता माझंही मत झालं आहे. साहेबांनी पुन्हा विचारलं तर सांगेन.

तुझ्या तब्येतीला जप. पट्टा चालू असताना त्याच्याजवळ पदर नेऊ नकोस. कंपाउंडरकाकांना वाचण्याचे कष्ट पडले, क्षमस्व.

तुझी, चूकभूल द्यावी घ्यावी,
भाची

ता. क. – लिहायचं राहिलंच. नियमावली पुन्हा वाचताना मला व्याख्यांमध्ये एक ओळ सापडली. थोड्या दिवसांसाठी आलेला पाहुणा कुटुंबात धरत नाहीत. म्हणजे पाहुणा आला, बसला, पळी घेऊन उभा राहिला, ओरडला, तरी ते घर हिशेबात एकट्याचंच राहतं, फक्त त्याने यजमानाच्या भांड्यातलं खायचं नाही. त्याचं वेगळं शिजवावं. तर तुला थोडे दिवस येता येईल का? देशाचं काम आहे. गिरणीकडे कंपाउंडरकाकांच्या पत्नी लक्ष ठेवतील असं मला वाटतं. (काका, त्यांना विचारून पाहावं. नाही म्हणाल्या तर थोडा आग्रह करावा.) मोजणीसाठीच बोलावते आहे, एरवी तुझ्या कामात खोडा घातला नसता.

ता. क. दुसरा – पत्र पाकिटात घालून टाकायचं राहिलं होतं, तेवढ्यात आज कार्यालयात सगळंच बदललं. साहेबांनी विचार करून एकट्यांचा रकानाच काढून टाकला. परिपत्रक निघालं आहे की यापुढे हिशेबापुरतं देशात कुणालाही एकटं धरण्यात येऊ नये, सर्वांना कुटुंबातल्या माणसाइतकीच भूक आहे असं समजावं. ते मीच टंकलं. त्यामुळे गरजेचा आकडा वर गेला, जहाजं येणार आहेत, आणि पुढच्या पेऱ्याला मसुरीचा हमीभावही मिळणार आहे. बंदरवाल्यांनी सगळ्यांना चहा पाजला, साहेबांनीही घेतला. माझी मोजणी रद्द झाली, काटा कार्यालयात जमा करायचा आहे. सारांश, वरच्या ता. क. मधलं कारण आता उरलेलं नाही. तो मजकूर खोडायला पेन घेतलं होतं, पण स्वच्छ खोडला जाईना, आणि खाडाखोड केलेलं पत्र तुला पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून तसाच ठेवला आहे.

ता. क. तिसरा – तर कारण नसताना येशील का? वेगळं शिजवायचीही आता गरज नाही, एकाच भांड्यात होईल. सकाळच्या गाडीने ये, मी फलाटावर असेन, रजा मागितली आहे. रजेच्या अर्जात कारणापुढे ‘कौटुंबिक’ लिहिलं, साहेबांनी काही विचारलं नाही. परतीचं तिकीट तिकडून काढू नकोस. ते इथून सावकाश काढू.